समुद्रापारचा घाटमाथा

मुलांनो, ब्राझील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? अॅमेझॉनचे निबिड अरण्य, कॉफीचे विस्तीर्ण मळे आणि चेंडूमागे धावणारे चपळ खेळाडू. माझ्याही मनात त्या देशाचे हेच चित्र होते. तेथे जाऊन मी लोकरी कानटोपी घालून चुलीशी हात शेकत बसेन, असे मला कोणी सांगितले असते, तर मी ते थट्टेवारी नेले असते. परंतु तसे घडले खरे.

माझे चिरंजीव ब्राझीलच्या दक्षिणेकडील सांता कातारिना या राज्यात नोकरीस आहेत. राज्याची राजधानी फ्लोरिआनोपोलिस ही समुद्रकाठी, बहुतांशी एका बेटावर वसलेली आहे. गतवर्षी जून महिन्यात मी तेथे गेलो. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो, त्याच सुमारास तेथे हिवाळा लागतो. कारण तो प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. चार दिवस समुद्र पाहून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हांला घाटांचे वेड आहे ना? मग येथला एक घाट पाहून घ्या. वर साओ जोआकीम नावाचे लहानसे गाव आहे. तेथे दोन दिवस राहू."

मी मनातल्या मनात हसलो. बोरघाट, आंबाघाट, आंबोली ज्याने पायांखाली घातली, त्याला घाट तो काय दाखवणार!

लाउरो म्युलर या कोळशाच्या खाणींच्या गावापासून चढ सुरू झाला. या घाटाचे नाव सेर्रा दो रिओ दो रास्त्रो. समोर सरळसोट कडा आणि त्याच्या अंगावर नागमोडी रस्ता. त्यात अडीचशेहून अधिक वळणे आहेत म्हणतात. काही वळणे इतकी निमुळती की समोरून मालमोटार आली म्हणजे आपली गाडी थांबवून तिला वाट द्यावी लागे. दरीत दाट झाडी, झाडांवर शेवाळ, कपारींतून ठिबकणारे पाणी आणि वर धुके. मला क्षणभर आषाढातल्या आंबोलीचाच भास झाला. पण माझे लक्ष वेधून घेतले ते कड्याच्या खडकाने. तो काळा होता, थराथरांचा होता. हा तर आपला कातळ!

माझा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. महाराष्ट्राचे पठार लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाले, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. दक्षिण ब्राझीलचे पठारही तसेच झाले आहे. मात्र तो लाव्हा सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचा आणि आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्यांचा घाट आपल्या घाटाहून वडील. त्या कातळाखाली कोळशाचे थर आहेत, आणि त्यांच्याशी आपले नाते याहूनही जवळचे आहे. इझ्रायल चार्ल्स व्हाइट या भूगर्भशास्त्रज्ञाने या डोंगरातील खडकांचा क्रम १९०८ साली प्रसिद्ध केला. तेथील कोळशाच्या थरांत ज्या वनस्पतींचे ठसे सापडतात, त्यांच्या जातीचे ठसे भारतातील कोळशाच्या थरांतही सापडतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि भारत हे एके काळी एकाच विशाल भूखंडाचे भाग होते, या मताला अशा पुराव्यांनी बळ आले. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून: गोंडवन. चंद्रपूरचा कोळसा आणि लाउरो म्युलरचा कोळसा हे असे जुने शेजारी आहेत.

आज या घाटात काँक्रीटचा रस्ता आहे; पूर्वी केवळ खेचरांची पायवाट होती. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून घाट चढत असत. तेथे हेच काम 'त्रोपेइरो' करीत. सुकवलेले मांस, चीज आणि रानातले बी घेऊन ते किनाऱ्यावर उतरत आणि मीठ, साखर घेऊन वर चढत. अठराव्या शतकात तर दक्षिणेकडच्या कुरणांतून हजारो खेचरे याच पठारावरून उत्तरेस सोरोकाबाच्या बाजारात हाकली जात आणि तेथून पुढे मिनास जेराइसच्या सोन्याच्या खाणींकडे जात. १७६६ साली वसलेले लाजेस शहर हा या मार्गावरचा मोठा मुक्काम. त्याच्या आसपास जनावरांचे कळप भरकटू नयेत म्हणून वाटेच्या दोहों बाजूंस रचलेल्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. चुना नाही, माती नाही; नुसता दगडावर दगड.

घाटमाथ्यावर पोहोचलो तेव्हा आमची उंची समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरांच्या आसपास होती. कोआती नावाचे लांब तोंडाचे, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचे प्राणी पर्यटकांच्या हातांतील पिशव्या हुंगत हिंडत होते. एकाने माझ्या चष्म्याच्या घराचीही चौकशी केली. मागे पाहिले तर खाली ढगांचा समुद्र. पुढे पाहिले तर पिवळ्या गवताचे उंचसखल माळ.

या माळावरचे पाणी मोठे विचित्र वागते. पेलोतास नदी याच कड्याच्या परिसरात उगम पावते. तेथून अटलांटिक महासागर शंभर किलोमीटरही दूर नाही. पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पश्चिमेस जाते, कानोआस नदीला मिळून उरुग्वाय हे नाव धारण करते आणि अर्ध्या खंडाला वळसा घालून अखेर त्याच महासागराला मिळते. अरबी समुद्राला पाठ दाखवून बंगालच्या उपसागराकडे निघालेली आपली कृष्णामाई मला आठवली.

त्या माळावर जागोजाग एक झाड उभे होते. पहिल्याने मी त्याच्याकडे नीट पाहिले नाही. मग पाहिले, आणि दोन दिवस दुसरे काही पाहावेसे वाटले नाही. सरळ सोट खोड, बऱ्याच उंचीपर्यंत फांदी नाही, आणि अगदी वर एकदम चहूकडे फाकलेल्या फांद्या, टोके आकाशाकडे वळलेली. जणू वादळात उलटलेली छत्री! संध्याकाळी त्या फांद्यांच्या टोकांवर ऊन उरले तेव्हा मात्र छत्रीची उपमा मी मागे घेतली. देवळापुढच्या दीपमाळेवर कोणी वरच्याच ओळीचे दिवे लावावेत, तसे ते दिसले. शास्त्रज्ञ त्याला आराउकारिया म्हणतात. तेथील लोक पिन्येरो म्हणतात.

साओ जोआकीम हे सुमारे तेराशे पन्नास मीटर उंचीवर वसलेले गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. मधोमध काळ्या दगडाचे भव्य चर्च, उतरत्या छपरांची घरे, आणि सकाळी प्रत्येक धुराड्यातून निघणारा धूर. हिवाळ्यात येथे रात्री पारा शून्याखाली जातो. एखाद्या वर्षी हिमही पडते, आणि ते पाहण्यासाठी उष्ण प्रांतांतील ब्राझिली लोक शेकडो कोस प्रवास करून येतात. पुष्कळदा त्यांना नुसते दव गोठलेले पाहून परतावे लागते. १९५७ च्या जुलैमध्ये मात्र येथे मीटरभराहून जाड थर साचला होता, असे गावातील वृद्ध सांगतात.

आम्ही उतरलो ते एका शेतकऱ्याच्या लाकडी घरी. त्या कुटुंबाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या राखून ठेवल्या होत्या. घरात एक सत्तरीचे आजोबा, त्यांची पत्नी आणि तिशीतला मुलगा. मी शिक्षक होतो हे कळताच आजोबा मला 'प्रोफेसोर' म्हणू लागले. मी संकोचून चिरंजीवांना म्हणालो, "अरे, त्यांना सांग, मी साधा हेडमास्तर होतो." चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, येथे पहिलीच्या गुरुजींनाही प्रोफेसोर म्हणतात."

भाषेचीही एक गंमत झाली. मला पोर्तुगीज येत नाही. तरी आजीबाई चावीला शावी म्हणत, साबणाला साबाओ, पावाला पाओ म्हणत. आणि बटाट्याला तर सरळ बटाटाच म्हणत! हे शब्द चारपाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत रुळले. काजूचे झाड तर प्रत्यक्ष ब्राझीलचे, नावही तिकडचेच. ते गोव्यात आणि कोकणात आले तेही त्याच गलबतांतून.

स्वयंपाकघरात लाकडाची मोठी चूल पेटलेली असे आणि सारे कुटुंब तिच्याभोवती बसे. तेथे 'शिमाराओ' नावाचे पेय फिरे. माते नावाच्या झाडाच्या पानांचा हिरवा चुरा एका भोपळ्याच्या पात्रात भरतात, त्यावर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ते चोखून पितात. पात्र एक, नळीही एकच. एकाचे पिऊन झाले की पुन्हा पाणी भरून ते दुसऱ्याच्या हाती देतात. उष्ट्याचा विधिनिषेध पाळण्यात ज्याचे बालपण गेले, त्याची काय अवस्था झाली असेल ती तुम्हीच ताडा. पण आजोबांनी पात्र दोन्ही हातांनी पुढे केले, तेव्हा नाही म्हणवेना. ते कडू पेय मी प्यालो, आणि सभ्यता म्हणून 'ओब्रिगादो', म्हणजे 'आभारी आहे', असे म्हणालो. त्यानंतर पात्र तीनदा फिरले. माझ्यापुढे काही आले नाही! मग चिरंजीवांनी खुलासा केला, की पात्र परत देताना आभार मानले म्हणजे 'आता पुरे' असा अर्थ होतो. माझ्या सभ्यतेनेच मला उपाशी ठेवले होते.

त्या रात्री २३ जून होता. संत जॉन यांच्या सणाच्या पूर्वसंध्येस तेथे घरोघरी आपल्या होळीसारखा जाळ करतात. आजोबांनी अंगणात आराउकारियाची वाळलेली, काटेरी पाने पेटवली आणि त्यांत ओंजळभर बिया टाकल्या. ताडताड आवाज करीत बिया भाजल्या. या बीला पिन्याओ म्हणतात. ते बोटाच्या दोन पेरांएवढे, तपकिरी सालीचे, आत पांढरे असते. चव शिंगाड्याची थोडी, उकडलेल्या फणसाच्या आठळीची थोडी. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाचे पोट त्यावर उत्तम भरते.

जाळाशी बसून आजोबांनी या झाडाची हकीकत सांगितली. काही त्यांनी सांगितले, काही मी पुढे वाचले. आराउकारियात नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे असते. मादीच्या झाडाला लागणारे फळ मुलाच्या डोक्याएवढे असते, आणि ते पिकायला दोन ते तीन वर्षे लागतात. पिकले की ते उकलते आणि बिया खाली सांडतात. मग पोपट येतात, खारींसारखे प्राणी येतात, माणसे येतात. आणि निळ्या पिसांचा, काळ्या डोक्याचा एक पक्षी येतो. त्याला तेथे ग्राल्या आझुल म्हणतात. आपल्या कावळ्याचा तो चुलतभाऊ. तो बिया खातो आणि उरलेल्या पुढच्या दिवसांसाठी लपवून ठेवतो. लपवलेल्या साऱ्याच काही त्याला आठवत नाहीत. ज्या विसरतो, त्यांतून रोपे येतात.

या पठारावर मुळात राहणारे शोक्लेंग आणि काइंगांग लोक याच बियांवर हिवाळा काढीत. ही अरण्ये वाढवण्यात त्यांच्या पूर्वजांचाही हात असावा, असे संशोधक मानतात. पुढे वसाहतींसाठी जमीन हवी झाली, तेव्हा पैसे देऊन माणसांच्या टोळ्या त्यांच्यावर सोडण्यात आल्या आणि शोक्लेंग लोकांची कत्तल झाली. नंतर पाळी आली झाडांची. विसाव्या शतकाच्या आरंभी एका परदेशी कंपनीने पठाराच्या उत्तर भागातून आगगाडी नेली. तिला रुळांच्या दोहों बाजूंची पंधरा-पंधरा किलोमीटर जमीन मिळाली. तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारे शेतकरी बेघर झाले आणि प्रचंड सॉ मिल उभी राहून झाडे कापू लागली. या अन्यायातून आणि दोन राज्यांच्या सीमेच्या भांडणातून १९१२ ते १९१६ पर्यंत तेथे युद्ध झाले आणि हजारो माणसे मेली. कापणी मात्र पुढे कित्येक दशके चालूच राहिली. ज्या अरण्याने एके काळी सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली होती, त्यातील शेकडा काहीच भाग आज शिल्लक आहे.

"माझे वडील सॉ मिलमध्ये होते," आजोबा म्हणाले. मग त्यांनी घराच्या भिंतीवर हाताने थाप मारली. "ही फळी त्याच झाडाची. छप्परही त्याचेच. आमचा पाळणाही त्याचाच होता." ते पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर पांढरे दव गोठले होते. त्यावरून करकर चालत आम्ही त्यांच्या सफरचंदांच्या बागेत गेलो. झाडे निष्पर्ण होती आणि मुलगा छाटणीत गुंतला होता. १९७० सालापर्यंत ब्राझीलला बहुतेक सफरचंदे अर्जेंटिनातून आणावी लागत. मग त्या दशकात जपानमधून फळतज्ज्ञ आले, पाठोपाठ काही जपानी कुटुंबे या गावी स्थायिक झाली, आणि जपानी फुजी जातीची लागवड वाढली. सफरचंदाला थंडीची झोप लागते. हिवाळ्यात शेकडो तास पारा सात अंशांच्या खाली राहिला नाही, तर वसंतात कळ्या नीट फुटत नाहीत. जी थंडी माणसाला नकोशी होते, तिच्यावरच हे गाव जगते.

परंतु तीच थंडी उशिरा आली तर वैरीण होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडे फुललेली असताना गोठण पडले, तर एका रात्रीत वर्षाचे पीक जाते. तेव्हा शेतकरी काय करतात? फुलांवर पाणी फवारतात! ऐकून मला नवल वाटले. पण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, आणि फवारा अखंड चालू राहिला तर बर्फाच्या कवचातील फूल शून्य अंशाच्या फार खाली जात नाही. गारांसाठी साऱ्या बागेवर जाळी ताणलेली असते. परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवाव्या लागतात. इतके सारे सांभाळावे, तेव्हा ते लाल फळ आपल्या हाती येते.

बागेच्या टोकाला तारेचे कुंपण होते. तेथे आजोबा थांबले. कुंपणाच्या आत, सफरचंदाच्या शेवटच्या ओळीपासून चार पावलांवर, वीतभर उंचीचे एक काटेरी रोप उगवले होते. भोवती कोणी तीन दगड मांडले होते.

"निळ्या पक्ष्याने लावले," आजोबा म्हणाले.

मुलगा छाटणीची कात्री हातात घेऊन आला. बापलेकांत काही बोलणे झाले. हळू आवाजात, पण पहिल्यांदाच होत नसावे असे. चिरंजीवांनी मला त्याचा आशय सांगितला. २००६ सालच्या कायद्याने या अरण्याला संरक्षण मिळाले आहे. आराउकारियाचे आपोआप उगवलेले झाड, ते स्वतःच्या जमिनीत असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही. मुलाचे म्हणणे असे, की उद्या हे रोप वाढले म्हणजे ही जागा कायमची अडकली. येथे नवी ओळ लावता येणार नाही, ट्रॅक्टर वळवता येणार नाही. आज ते दोन बोटांनी उपटता येते. दहा वर्षांनी त्याला हात लावला तर गुन्हा होईल. शेजारचे कित्येक जण अशी रोपे दिसताच उपटतात, आणि कोणाला कळतही नाही.

मला त्या तरुणाचा राग आला नाही. त्याच्या डोक्यावर बागेचे कर्ज होते आणि तो काही खोटे बोलत नव्हता. ज्या कायद्याने म्हातारी झाडे वाचवली, तोच कायदा कोवळ्या रोपांच्या मुळावर यावा, ही गोष्ट मात्र मला फार बोचली. आता यावर काही उपाय शोधले जात आहेत. कुरितिबाच्या विद्यापीठातील संशोधकांनी आराउकारियाची कलमे तयार केली आहेत. बीपासून वाढलेल्या झाडाला पहिले फळ धरायला बारा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात; कलमाला त्याच्या निम्म्या काळात धरते. बियांनाही बाजारात भाव आहे. उभे झाड आडव्या झाडाहून अधिक मिळवून देऊ लागले, तर कात्री आपोआप खिशात जाईल. आजोबांनी अशा कलमाचे नाव काढले, तेव्हा मुलाने खांदे उडवले. "कलम मी मला हवे तेथे लावीन," तो म्हणाला. "हे तर त्याला हवे तेथे आले आहे."

आजोबांनी वाकून एक दगड सरळ केला आणि आम्ही परत फिरलो.

निघताना आजीबाईंनी मला पिशवीभर कच्चे पिन्याओ दिले. माझ्या मनात आले, महाबळेश्वरला एखादे रुजवून पाहावे. पण चिरंजीवांनी आठवण दिली, "बाबा, बियाणे परवान्याशिवाय देशात नेता येत नाही." शिवाय हे बी सुकले की त्याची उगवण्याची शक्ती लवकर जाते. मी पिशवी तरुणाच्या हाती परत दिली आणि खुणेने माझी अडचण समजावली. त्याने पिशवीत हात घातला, चारपाच टपोरे दाणे निवडून कोटाच्या खिशात टाकले आणि बाकीचे आईच्या टोपलीत ओतले. ते त्याने कशासाठी निवडले हे विचारण्याइतकी पोर्तुगीज मला येत नव्हती, आणि तोवर आमची गाडीही सुरू झाली होती.